इरण्णाची राहिलेली खेप

इरण्णाच्या जीपमधली पुढची सीट ओळखीवर मिळत नव्हती, जास्त पैशावर मिळत नव्हती आणि म्हातारपणावर तर मुळीच नाही. ड्रायव्हरशेजारची ती एक जागा, ज्यानं समुद्र अजून बघितलेला नाही त्याची. सोलापुरातून गाडी हलायच्या आधी फडकं खांद्यावर टाकून तो एकेकाच्या तोंडासमोर जाऊन उभा राहायचा आणि विचारायचा, "समुद्र बघितलाय का मालक?" बाई असली तर अक्का. बाकी झाडून सगळे मालक. स्टँडवर भीक मागणारासुद्धा मालकच.

एकदा एक कंत्राटदार अडून बसला. माझे गुडघे दुखतात, पाय लांब करायला जागा पाहिजे, मी पुढंच बसणार. इरण्णानं आवाज चढवला नाही. "समुद्र बघितलाय का मालक?"

"शंभर वेळा. दुबईचा सुद्धा बघितलाय."

"मग तुमी मागं बसून बी वळखाल की."

कंत्राटदार मागं बसला. गणपतीपुळ्यापर्यंत गुडघा चोळत गेला.

गाडीत एकही नवा माणूस नसला तर त्या सीटवर भाकरीचं गाठोडं बसायचं. कुणी म्हणालं, गाठोडं दे इकडं, मी बसतो, तर म्हणायचा, "बसू द्या. त्येनं तरी कुटं बघितलाय?"

आणि दोन नवे असले तर दोन खेपा. रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला जाताना आरे-वारेचा घाट लागतो. झाडीतून रस्ता वळत वळत जातो आणि एका वळणावर झाडी संपते, खाली सगळा समुद्र. इरण्णा त्या वळणाच्या अलीकडं गाडी थांबवायचा, एका नव्याला पुढं बसवून उतार उतरायचा, खाली गाडी वळवून परत वर यायचा, दुसऱ्याला पुढं घ्यायचा आणि परत उतरायचा. एका सहलीत पाच नवे निघाले, त्यानं पाच खेपा मारल्या. बाकीचे वैतागले तर त्याचं एकच ठरलेलं. "घाई कशाला मालक? समुद्र कुटं पळून चाललाय?"

हा नियम कुठून आला तेही त्यानं मला सांगितलं होतं. धंद्याच्या पहिल्याच वर्षी अक्कलकोटकडचा एक म्हातारा गाडीत होता. शेवटच्या बाकावर, पोरांच्या आणि पिशव्यांच्या मधी. मुक्कामाला उतरल्यावर इरण्णानं हौसेनं विचारलं, कसा दिसला समुद्र? म्हातारा म्हणाला, "दिसला की. लोकांच्या टकुऱ्यामागं." इरण्णा म्हणायचा, "मालक, त्या राती मला जेवन गेलं न्हाय."

माणूस होटगीचा. घरात कानडी, रस्त्यावर मराठी, गाडीशी बोलायचा तेव्हा दोन्ही. कपाळाला विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, अंगात खाकी शर्ट, त्याच्या खिशात आवळ्याची सुपारी. ती घाटासाठी. आमच्याकडचे रस्ते कसे, दोरी धरून आखल्यासारखे. आंबा घाटात गाडी शिरली की सोलापूरची माणसं एकामागं एक खिडकीला लागायची. इरण्णा लिंबू कापून वाटायचा आणि समजूत घालायचा, "लाजायचं न्हाय. आपल्या लोकांचं पोट सरळ रस्त्याचं हाय."

वर्षातले किती दिवस तो समुद्राकाठी काढायचा, पण मासा कधी तोंडाला लावला नाही. तिकडच्या खानावळीत सगळे ताटाला भिडले की हा पाठ करून बसायचा, शेंगाचटणी आणि कडक भाकरी खायचा. खानावळवाली बाई दरवेळी त्याची चेष्टा करायची. "अण्णा, एक तुकडी घ्या हो आज. सोलापुरात कुणाला कळतंय?"

"सोलापुरात न्हाय कळायचं. पर ज्येच्या दारात जायचं, त्येचीच मानसं खायची का, अक्का?"

मग ती बाई त्याला ताक आणून द्यायची, न मागता.

आता मी त्याच्या गाडीत कसा गेलो ते सांगतो. त्यात माझी लाज आहे, पण ती सोडून इरण्णा सांगता येत नाही.

मी चौथीपर्यंत शिकलो आणि मागावर बसलो. सगळा जन्म चादरी विणल्या. बायको कस्तूर बिड्या वळायची. आधी चाळीत राहायचो, आता कुंभारीला, कामगारांच्या घरकुलात. जवान होतो तेव्हा कामगारांच्या मोर्चाबरोबर मी एकदा मुंबईला गेलो होतो. लॉरीतून गेलो, उन्हात उभा राहिलो, घोषणा दिल्या आणि येताना लॉरीत जो झोपलो तो घर आल्यावर उठलो. समुद्र बघायला काही जणं गेली होती, मी गेलो नव्हतो. घरी आल्यावर कस्तूरनं पहिलं काय विचारलं? "समुद्र बघितला का?" आता एवढं मुंबईला जाऊन आलो आणि नाही कसं म्हणू? म्हटलं, बघितला. म्हणाली, कसा असतो? म्हटलं, कसा म्हणजे? पाणीच की.

तेवढ्यावर निभावलं असतं. पण बिडीच्या सुपाच्या वर, भिंतीला, एका दुकानाचं कॅलेंडर होतं. त्यावर समुद्र. वर्ष उलटलं तरी तिनं ते काढलं नाही. दर उन्हाळ्यात म्हणायची, "एकदा समुद्र दाखवा की." आणि मी म्हणायचो, "मी बघितलाय. पाणीच हाय, तेबी खारट. एवढ्या लांब जाऊन मीठ चाटत बसतीस का?" तीस वर्षं मी तिला हेच सांगितलं. खरं कारण असं की नेलं तर मी पहिल्यांदा बघतोय हे तिला कळेल. एवढ्याशा गोष्टीसाठी मी तिला अडवून ठेवलं. गाढवपणा याहून काय वेगळा असतो?

नऊ वर्षांपूर्वी घरकुलातल्या बायकांनी सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा उरकल्यावर कोकणची सहल ठरवली. कस्तूरनं मला न विचारता नाव दिलं. भाकरी थापता थापता सांगितलं, "मी चाललेय. यायचं तर या." मी गेलो. न जाऊन काय करतो? चहा सुद्धा येत नव्हता करायला.

पहाटे इरण्णा फडकं खांद्यावर टाकून माझ्यापुढं उभा राहिला.

"समुद्र बघितलाय का मालक?"

"बघितलाय."

"कुटला?"

"मुंबईचा."

"कसा हाय?"

मी मनात सिद्धेश्वराचा तलाव आणला आणि म्हटलं, "मोठा. गोल."

इरण्णानं माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं. "गोल," तो म्हणाला. "बरं. तरी मालक, तुमी पुढं बसा. मला रस्ता सांगायला जानता मानूस लागतो."

"मला कुठला रस्ता माहीत? तुझा नियम काय? हिला बसव. हिनं बघितलेला नाही."

कस्तूर म्हणाली, "तुमीच बसा की. मला पुढं भ्या वाटतं."

"बस गप," म्हटलं मी. ती बसली.

मंगळवेढा गेलं, सांगोला गेलं, मिरज, कोल्हापूर. बायकांनी गाणी म्हटली, शेंगा फोडल्या, एकमेकींच्या सासवा काढल्या. आंबा घाटात माझं पोट सरळ रस्त्याचं निघालं. आरे-वारे येईपर्यंत मी लिंबू नाकाला लावून, मान गुडघ्यात घालून बसलो होतो.

वळणाच्या अलीकडं गाडी थांबली. इरण्णानं खाली उतरून ओल्या फडक्यानं पुढची काच पुसली. शांतपणे, देवाची मूर्ती पुसावी तशी. मग आत बसून त्यानं आरशातून मागं बघितलं आणि विचारलं, "आनि कोन नवं हाय का? दुसरी खेप मारतो." त्यानं परत विचारलं, "कोन राहिलंय का? लाजू नका." मी लिंबू हुंगत होतो.

"अक्का, मी सांगंपर्यंत पायाकडं बघा," तो म्हणाला. गाडी सावकाश निघाली. मग तो ओरडला, "नोड्री!" म्हणजे बघा. इतर सगळं तो मराठीत बोलायचा, पण हा शब्द त्याला कानडीतच लागायचा.

मला दिसला पुढच्या बाईचा अंबाडा, त्यातली अबोली, आणि बाजूनं बोटभर निळं. पण कस्तूरचा आवाज ऐकू आला. "आगं बया! एवढं पाणी! आन आमच्यात चार दिसाला एकदा नळ येतोय!"

गाडीभर हशा पिकला. इरण्णा तर स्टिअरिंगवर डोकं टेकून हसला.

वाळूवर गेल्यावर बायका पाण्यात शिरल्या. कस्तूर घोट्यापर्यंत गेली, मग पोटरीपर्यंत. मी जाणता माणूस ना, मी चपला आणि डबे राखायला बसलो. इरण्णानं दिलेली चादर अंथरली, पाण्यापासून पंधरा पावलांवर. चादर आमच्याच बाजूची, काठावरून ओळखली मी. आडवा झालो. डोळा लागला.

पाय गार पडले म्हणून उठलो, तर पाणी चादरीवर. चपला निघाल्या होत्या पोहायला. आता आमच्याकडं पाणी चढतं कधी? वर धरणाचे दरवाजे उघडले तर. मी मूळचा नदीकाठचा, लहानपणापासून एकच ठाऊक, पाणी चढलं की पळ. मी दोन्ही हातांत चपला गोळा केल्या आणि बोंब ठोकली, "धरण सोडलं! बाहेर निघा! वरनं पाणी सोडलंय! कस्तूर, पळ!"

आख्खा किनारा थांबून बघायला लागला. शहाळेवाला कोयता खाली ठेवून हसायला लागला. बायका पाण्यात बसून हसल्या. माझ्या छातीशी नऊ-दहा चपला, एकही जोड नाही. मला कळलं की आता सगळ्यांना कळलं. मुंबईचा समुद्र बघितलेला माणूस धरण सोडलं म्हणून ओरडतोय.

इरण्णा गाडीकडून पळत आला. हसला नाही. बायकांवरच ओरडला, "हसताय काय? मालक बरोबर बोलतेत. भरती लागलीय, मागं सरका. हितं रोज सोडतेत पाणी, दिसातनं दोनदा." मग माझ्या हातातल्या चपला घेऊन, खाली बसून, एकेकीची जोडी लावत बसला. मी पण लावल्या.

कस्तूर काठाला येऊन लुगड्याचा पदर पिळत होती. माझ्याकडं एकदा बघितलं, गालात हसली, आणि परत पदर पिळायला लागली. त्यावर ती कधी बोलली नाही. मीही नाही. फक्त घरी आल्यावर तिनं भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि त्यात पापड बांधून ठेवले.

इरण्णाची आणि आमची घसट तिथून पडली. शहरात यायचा तेव्हा कुंभारीला चक्कर मारायचा, कस्तूरच्या हातची आमटी खायचा. खाता खाता मला डिवचायचा, "मालक, आज कुटलं धरन सोडलंय का?" कस्तूर पदर तोंडाला लावून आत पळायची.

दोन वर्षांपूर्वी ती गेली. छातीचं दुखणं, तंबाखूची धूळ जन्मभर नाकात. दहाव्याला लोक आले, बोलले, मोठं मोठं सांगून गेले. इरण्णा आला, भिंतीला टेकून बसला, दुपारपर्यंत बसला आणि काही न बोलता गेला. मला तोच बरा वाटला. त्यानंतर मी घराबाहेर पडणं सोडलं. कोण येतंय, कोण जातंय, मला काही देणंघेणं नव्हतं. एकच गोष्ट कुरतडत होती. ती तीस वर्षं 'दाखवा की' म्हणाली आणि मी नाही म्हणालो. एक खेप मिळाली बिचारीला, तीही म्हातारपणी.

गेल्या गड्ड्याच्या जत्रेनंतर इरण्णा दारात. "मालक, आंघोळ करा. जायचंय."

"कुठं?"

"डोळ्याला मोतीबिंदू सुरू झालाय. गाडी इकली. घेनारा गणपतीपुळ्याकडचा हाय, त्येला पोचती करायची. येताना यस्टीनं येऊ."

"मग तू जा की. मला कशाला?"

"पुढची सीट मोकळी हाय."

"भाकरीचं गाठोडं ठेव. मी बघितलाय समुद्र."

इरण्णा उंबऱ्यावर बसला. "मालक, आता सांगतो, रागवू नका. सहलीच्या आदल्या दिशी अक्का माज्या घरी आलती. होटगीला, टमटमनं. म्हनली, आमचे हे म्हनतील बघितलाय म्हनून. न्हाय बघितलेला. मुंबईसनं आले त्या आठवड्यातच मला कळलं, संगं गेलेल्या मानसांनी समद्या चाळीला सांगितलं. त्येनला पुढं बसवा, मी मागं बसते. पर मी सांगितलं म्हनू नका, मानी हायत."

मी म्हटलं, "मग तीस वर्षं 'मला दाखवा' कशाला म्हणत होती? तोंडावर म्हणायचं, खोटारडे आहात."

"तेबी इचारलं मी. म्हनली, ते स्वतासाठी कदी जायाचे न्हाईत. माज्या नावानं तरी बघतील." इरण्णानं फडकं झटकलं. "त्या दिशी दोनदा इचारलं मी आरशातनं, कोन राहिलंय का. तुमी लिंबातनं तोंड काडंना. तुमची खेप राहिलीय मालक. गाडी द्यायच्या आदी मारून टाकू."

मी आंघोळ केली.

गाडीत आम्ही दोघंच. मागं बारा माणसांची जागा रिकामी, त्यावर भाकरीचं गाठोडं आणि ती चादर. डोळ्यापायी इरण्णा सायकलच्या वेगानं चालवत होता, मागून हॉर्न मारणाऱ्याला हात करत होता, "जावा मालक, जावा, तुमाला घाई हाय." घाटात मला लिंबू दिलं. मी घेतलं नाही. या खेपेला तोंड वर ठेवायचं ठरवलं होतं.

वळणाच्या अलीकडं गाडी थांबली. काच पुसून झाली. "पायाकडं बघा." मी माझ्या चपलांकडं बघत राहिलो. गाडी हलली. एक वळण गेलं. मग त्यानं हळूच म्हटलं, ओरडला नाही, "नोड्री."

मी वर बघितलं. काय सांगू? गोल नाही. त्याला काठच नाही पलीकडं. ऊन पडलेलं, आणि खालपासून आभाळापर्यंत सगळं हलतंय. मागावर ताणा चढवल्यावर धाग्यावर उजेड कसा सरकतो, तसा उजेड सरकत होता. हे मी 'पाणीच हाय' म्हणून तीस वर्षं सांगितलं.

जरा वेळानं मी विचारलं, "इरण्णा, त्या दिवशी हिचं तोंड कसं दिसत होतं रे? मला नुसता आवाज आला."

तो समुद्राकडं बघत नव्हता. तो माझ्याकडं बघत होता. मला तेव्हा कळलं की या वळणावर तो कधीच समुद्र बघत नाही, शेजारच्याचं तोंड बघतो.

"लगीन ठरलेल्या पोरीवानी," तो म्हणाला. "समदे मिश्रीचे दात दिसत हुते. ते नळाचं बोलली ना, त्येच्या आदी एकदम मागं वळली. तुमी बघताय का बघायला."

मी मागं वळून बघितलं. रिकाम्या सीटा, चादर, गाठोडं. ते गाठोडं वळणावर कलंडून बरोबर दोन सीटच्या मधून पुढं डोकावत होतं. मला हसू आलं. हसू आलं आणि बाकीचंही आलं. इरण्णानं खांद्यावरचं फडकं काढून दिलं. त्याला डिझेलचा वास.

खाली पोचल्यावर मी म्हटलं, "वळव गाडी. अजून एक खेप."

"आता कोनाची?"

"तुझी. तू कुठं बघितलायस?"

त्यानं गाडी वर नेली, वळणावर कडेला घेतली, बंद केली. आम्ही जागा बदलल्या. मला गाडी येत नाही, मी नुसता स्टिअरिंग धरून बसलो, आणि तो पुढच्या सीटवर पायाकडं बघत बसला. मी म्हटलं, "नोड्री." माझं कानडी ऐकून तो आधी पोट धरून हसला. मग बघत बसला. किती वेळ, ते मोजलं नाही. घाई कशाला.

आता त्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय. गाडी नाही. होटगीला घरासमोरच्या कट्ट्यावर बसतो, रेल्वे मोजतो. मी आठवड्यातून एकदा जातो. मला लांबून येताना बघितलं की फडकं खांद्यावर टाकतो आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं विचारतो, "समुद्र बघितलाय का मालक?"

मी म्हणतो, "न्हाय."

मग तो सरकून जागा करतो.